खोडलेली फुली

भाचीला शाळेतून एक तक्ता भरून न्यायचा होता. वरच्या ओळीत घरातली माणसं, डावीकडे गुण. जीभ नळीसारखी वळते का, कानाची पाळी सुटी आहे की चिकटलेली, गालाला खळी पडते का, बोटं एकमेकांत गुंतवली की कोणत्या हाताचा अंगठा वर येतो. असेल तिथे बरोबरची खूण, नसेल तिथे फुली. त्यामुळे जेवणं झाल्यावर आम्ही सगळे मोठ्या गंभीरपणे एकमेकांना जिभा दाखवत बसलो होतो. भाचीची जीभ अशी सुरेख वळते की पाहत राहावं. ताईची वळत नाही, ती फक्त तोंड वेडंवाकडं करते. भावोजींची तर मुळीच नाही. त्यांनी बोटांनी कडा दुमडून पाहिल्या, सोडल्या की जीभ पुन्हा सपाट. दोघांपुढे फुल्या पडल्या. मग तिने शेजारच्या पानावरचा मजकूर मोठ्याने वाचायला घेतला. हा गुण प्रभावी, म्हणजे आईवडिलांपैकी निदान एकात असल्याशिवाय मुलात उतरायचा नाही. वाचता वाचता तिचा आवाज मंदावला. तिने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, कंपासपेटीतून खोडरबर काढलं, बाबांपुढची फुली खोडली आणि तिथे बरोबरची खूण केली. "बाबा, तुला थोडीशी येते. मी बघितली मघाशी." भावोजी म्हणाले, "येते की!" आणि आम्ही सगळे हसलो. जरा जास्तच वेळ हसलो.

ती खोडलेली फुली काही माझ्या डोक्यातून जाईना.

तिने पुस्तक सांभाळून घेतलं की वडिलांना, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुस्तकात छापलंय ते खोटं नसणार, तेव्हा चूक घरातच कुठेतरी असणार, हा निष्कर्ष काढायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. तिच्या वयात तो निरागस होता. पण अशाच एखाद्या तक्त्यासमोर बसून जगात किती मुलांनी आईवडिलांकडे चोरून पाहिलं असेल, किती बापांच्या मनात क्षणभर नको ती शंका चमकून गेली असेल, कोण जाणे. आणि हे सगळं एका जिभेपायी.

जिभेची ही गोष्ट शास्त्रात आणणारा माणूस मात्र ऐरागैरा नव्हता. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट. कोलंबिया विद्यापीठात थॉमस मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्या पाळल्या जायच्या. १९१० मध्ये तिथे लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांची माशी निघाली आणि जनुकं गुणसूत्रांवर असतात याचा धागा हाती लागला. स्टर्टेव्हंट तेव्हा पदवीचा विद्यार्थी. त्याच्या लक्षात आलं की एकाच गुणसूत्रावरचे दोन गुण पुढच्या पिढीत किती वेळा एकमेकांपासून तुटतात, यावरून ते गुणसूत्रावर किती लांब बसले असतील ते मोजता येईल. त्याने सगळ्या नोंदी घरी नेल्या, कॉलेजचा गृहपाठ तसाच ठेवला आणि रात्रभर जागून सकाळी जगातला पहिला जनुकीय नकाशा तयार केला. तो १९१३ मध्ये छापून आला. गुणसूत्रावर जनुकं ओळीने बसलेली आहेत, हे त्या माणसाने कुठलंही जनुक डोळ्यांनी न पाहता दाखवून दिलं. ही गोष्ट मी कितीदा वाचली असेल, पण "गृहपाठ तसाच ठेवला" इथे आले की दर वेळी मजा वाटते.

याच स्टर्टेव्हंटने १९४० मध्ये जीभ वळवण्यावर एक छोटा लेख लिहिला, हा गुण आनुवंशिक दिसतो म्हणून. १९५२ मध्ये दुसऱ्या एका संशोधकाने एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या. त्यांतल्या ७ जोड्यांत एकाची जीभ वळत होती आणि दुसऱ्याची नाही. जनुकं सगळी तीच, जीभ वेगळी! पुढे १९६५ च्या आपल्या पुस्तकात स्टर्टेव्हंटने स्वतःच लिहून टाकलं की हा गुण मेंडेलच्या नियमाचं, म्हणजे एकाच जनुकाने ठरणाऱ्या गुणाचं, पक्कं उदाहरण म्हणून अजून पुस्तकांत दिला जातो, हे पाहून संकोच वाटतो. त्यालाही आता साठ वर्षं झाली. लेखकाने हात झटकले, पण पाठ्यपुस्तकात एकदा शिरलेली गोष्ट भाड्याच्या घरातल्या जुन्या बिऱ्हाडकरूसारखी असते, ती निघत नाही. गंमत म्हणजे स्टर्टेव्हंट रंगांध होता. लाल-हिरव्या रंगांधतेची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि ती खरोखरच पुस्तकी नियमाने चालते. त्याने जिभेऐवजी स्वतःच्या डोळ्यांची नोंद शाळांना दिली असती, तर तक्ते बरेच बिनचूक भरले गेले असते.

खोडरबराची परंपराही जुनीच. मेंडेलने मठाच्या बागेत आठ वर्षांत सुमारे २८,००० वाटाण्याची रोपं वाढवली, दाणे मोजले, आणि तीनास एक हे प्रमाण त्याला वारंवार सापडलं. १९३६ मध्ये रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने ते आकडे तपासले आणि म्हटलं, हे जरुरीपेक्षा जास्त सुबक आहेत. योगायोगालाही थोडा पसारा असतो, तो इथे दिसत नाही. फिशरने सुचवलेली एक शक्यता अशी की काय उत्तर यायला हवं हे ठाऊक असलेल्या एखाद्या मदतनिसाने आकडे जमवून दिले असावेत. त्यावर पुढे बरीच भवति न भवति झाली आणि मेंडेलच्या बाजूनेही पुष्कळ लिहिलं गेलं. मला मात्र त्या मदतनिसाबद्दल माया वाटते. गुरुजींचा सिद्धांत टिकावा म्हणून चार दाणे इकडचे तिकडे करणारा कुणी खरंच असेल, तर तो आमच्याच घरातला.

मेंडेलचा शोध त्यामुळे खोटा ठरत नाही. त्याने सात गुण निवडले, आणि ते निवडण्यातच त्याची हुशारी होती, कारण ते मधलं काही ठेवत नाहीत. दाणा गोल किंवा सुरकुतलेला. फूल जांभळं किंवा पांढरं. दाणा का सुरकुततो, हे कळायला मात्र १९९० उजाडलं. स्टार्च तयार करणाऱ्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकात डीएनएच्या सुमारे ८०० अक्षरांचा एक आगंतुक तुकडा घुसलेला असतो. विकर निकामी होतं, स्टार्च कमी पडतो, साखर साठून राहते, साखर पाणी ओढून घेते, हिरवा दाणा टम्म फुगतो, आणि वाळताना ते पाणी गेलं की साल आत ओढली जाऊन सुरकुत्या पडतात. मला हे वर्णन फार आवडतं. मेंडेलच्या बोटांना जी सुरकुती लागली, तिच्या तळाशी रासायनिक अक्षरांचा असा गोंधळ होता. सातांपैकी शेवटच्या तीन गुणांची जनुकं तर २०२५ मध्ये सापडली, तीही शेकडो जातींच्या वाटाण्याचे संपूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएतली सगळी अक्षरं, शेजारी शेजारी ठेवून. मेंडेलने शोध जाहीर केल्याला तेव्हा १६० वर्षं झाली होती.

पण माणसांबद्दल घराघरांत जे बोललं जातं, ते वाटाण्यासारखं नसतं. मूल जन्मलं की पहिल्या तासात वाटणी सुरू होते. नाक आजीचं, कपाळ काकाचं, हट्टीपणा कुणाचा ते सांगायला नको. उंचीचं तर विचारूच नका. उंच आणि बुटका अशा दोन पेट्यांत माणसं बसत नाहीत, मधे अखंड रांग असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावरून शास्त्रज्ञांत चांगलीच जुंपली होती. एक गट म्हणे, मेंडेलचे नियम पुष्कळ झाले, माणसाच्या उंचीला ते लागू पडत नाहीत. दुसरा म्हणे, मोजमापं बाजूला ठेवा, आनुवंशिकता तुकड्यांतुकड्यांनीच उतरते. भांडण सोडवलं फिशरनेच. एका गुणामागे जर पुष्कळ जनुकं असतील आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर असेल, तर मेंडेलच्या तुकड्यांतूनच अखंड रांग तयार होते, हे त्याने गणिताने दाखवलं. लंडनच्या रॉयल सोसायटीत तो निबंध छापला गेला नाही, शेवटी १९१८ मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने छापला. (हाच फिशर सुप्रजननवादाचा, म्हणजे कुणाला मुलं व्हावीत आणि कुणाला नाही हे ठरवून माणसाचा वंश "सुधारू" पाहणाऱ्या विचाराचा, कट्टर पुरस्कर्ता होता. या विषयात थोर माणसांचं कौतुक करताना दर वेळी असा एक खडा दाताखाली येतो.)

पुष्कळ म्हणजे किती, हे मात्र त्या वेळी कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण शोधायची रीतच तशी नव्हती. जुन्या आनुवंशिकीत सुरुवात रोगापासून किंवा गुणापासून व्हायची. हंटिंग्टनचा आजार घ्या, मेंदू हळूहळू झिजवणारा आणि पिढ्यान्‌पिढ्या घरात उतरणारा. नॅन्सी वेक्सलर या संशोधिकेच्या आईला तो होता, म्हणजे तिला स्वतःलाही तो होण्याची शक्यता निम्मी. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठी या आजाराची मोठाली कुटुंबं राहत होती. तिने आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं तिथे जाऊन हजारो माणसांच्या वंशावळी उभ्या केल्या, रक्ताचे नमुने आणले. १९८३ मध्ये कळलं की दोषी जनुक चौथ्या गुणसूत्राच्या टोकाकडे कुठेतरी आहे. त्या "कुठेतरी"मधून नेमक्या जागेवर पोचायला १९९३ साल यावं लागलं. सहा गटांतले ५८ संशोधक, दहा वर्षं, एक जनुक. सापडलं तेव्हा दिसलं की तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतोय, आणि तो चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा आला की आजार ठरलेला.

मानवी जीनोम प्रकल्प त्याच सुमाराला, १९९० मध्ये, सुरू झाला होता. २००३ मध्ये तो संपल्याचं जाहीर झालं, तरी सुमारे आठ टक्के भाग वाचायचा राहिला होता आणि तो २०२२ मध्ये पूर्ण झाला. त्या प्रकल्पाचे पोवाडे सगळ्यांनी ऐकलेत. मला त्यातली पैज आठवते. २००० मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर या संशोधन संस्थेत जमलेल्या शास्त्रज्ञांनी माणसात जनुकं किती निघतील यावर पैसे लावले. अंदाजांची सरासरी साठ हजारांवर गेली. २००३ मध्ये निकाल लागला तेव्हा जिंकला तो सगळ्यांत कमी आकडा, २५,९४७. आणि तोसुद्धा जास्तच निघाला. आता प्रथिनं तयार करणारी जनुकं २०,००० च्या आसपास धरतात. एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीकडेही जवळपास तेवढीच आहेत, आणि गव्हाकडे लाखाहून जास्त. ज्यांनी पैज लावली त्यांच्या चेहऱ्यांवर काय आलं असेल ते पाहायला हवं होतं. तीन अब्ज अक्षरांपैकी जेमतेम दीड-दोन टक्के प्रथिनांच्या कामाची आणि बाकी सगळं तेव्हा सर्रास "कचरा" म्हटलं जाणारं.

सगळी अक्षरं हाताशी आल्यावर शोधाची दिशाच उलटली. आता आधी संशय घ्यावा लागत नाही. लाखो माणसांचे जीनोम घ्यायचे, जिथे जिथे माणसामाणसांत एका अक्षराचा फरक आहे अशा सगळ्या जागा चाळायच्या आणि कुठला फरक कुठल्या गुणासोबत वावरतो ते पाहायचं. जनुकाचं नाव-गाव ठाऊक नसलं तरी चालतं. २०२२ मध्ये या पद्धतीने ५४ लाख लोकांची उंची तपासली गेली आणि उंचीशी जोडलेल्या जागा निघाल्या १२,१११. बहुतेकींचा वाटा एखाद्या मिलिमीटरचा किंवा त्याहूनही कमी. फिशरने १९१८ मध्ये कागदावर मांडलेलं "पुष्कळ" ते हे. भाचीच्या तक्त्यातली कानाची पाळीसुद्धा यातून सुटली नाही. २०१७ मध्ये सुमारे ७५,००० लोकांचे कान पाहिले तेव्हा सुट्या आणि चिकटलेल्या पाळीमागे एक जनुक नव्हे, ४९ जागा सापडल्या. कान मोजताना मधल्या माणसांचं काय करायचं, ज्यांची पाळी धड सुटी नाही आणि धड चिकटलेली नाही, हा प्रश्न त्यांनाही पडला असणार. आमच्या घरात तशी तीन माणसं आहेत. भाचीने त्यांच्यापुढे खूण आणि फुली दोन्ही केल्या होत्या, आणि सगळ्या तक्त्यात तीच नोंद खरी म्हणायला हवी.

हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण बरोबर थोडं चुटपुटल्यासारखंही झालं. "ही आजीवर गेली" या वाक्यात एक आजी असते. तिची लुगड्यातली ठेंगणी आकृती असते, चालायची पद्धत असते. "बारा हजार जागांच्या बेरजेवर गेली" असं कोण म्हणणार? त्यातून ती बेरीजही सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. उंचीचा तो अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांतला सुमारे ४० टक्के फरक समजावून सांगतो, इतरांत १० ते २० टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो, कारण तपासलेली बहुतेक माणसं युरोपीय वंशाची. म्हणजे जगातल्या बहुसंख्य आज्या अजून या हिशेबात नीटशा आलेल्याच नाहीत.

माझी ही कुरकुर सिकल सेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, गोष्ट आठवली की मात्र जरा नमते. या आजारामागचा दोष १९५० च्या दशकापासून माहीत होता. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं, त्यामागे डीएनएचं एक अक्षर. इतकं स्वच्छ निदान दुसऱ्या कुठल्या आजाराचं नसेल. तरी पुढची पन्नास वर्षं रुग्ण त्याच वेदनांनी रात्र रात्र तळमळत राहिले. अक्षर कळलं म्हणून उपाय कळत नाही. १९४८ मध्येच जॅनेट वॉटसन या डॉक्टरच्या लक्षात आलं होतं की तान्ह्या बाळांना याचा त्रास होत नाही, कारण त्यांच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. काही मोठ्या माणसांतही ते शिल्लक राहतं. का राहतं, हे जुन्या रीतीने सुटेना. २००७-०८ मध्ये लोकांचे जीनोम चाळताना उत्तर भलतीकडेच सापडलं, दुसऱ्या गुणसूत्रावर, बीसीएल११ए नावाच्या जनुकात. हिमोग्लोबिनचं ते बदललेलं अक्षर आहे अकराव्यावर. हे जनुक मोठेपणी गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करायचं काम करतं, आणि त्याला रक्तपेशींत जागं ठेवणारा तुकडा प्रथिनं न बनवणाऱ्या भागात आहे, त्या "कचऱ्यात". २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला उपचार तोच तुकडा कात्री लावून मोडतो. दोष असलेलं अक्षर आहे तिथेच राहतं आणि माणूस बरा होतो. आधी मूळ पेशी काढून घ्यायच्या, त्या प्रयोगशाळेत बदलायच्या, मग जबर केमोथेरपी देऊन मज्जा रिकामी करायची आणि बदललेल्या पेशी परत सोडायच्या. अमेरिकेतली जाहीर किंमत बावीस लाख डॉलर. जिथे हा आजार सर्वांत जास्त आहे तिथल्या रुग्णांना तो आकडा उच्चारतासुद्धा येणार नाही, हेही लिहायलाच हवं.

आणि जिथे अक्षर सापडतं पण त्याचा अर्थ सापडत नाही, तिथे काय होतं, ते एका मैत्रिणीबरोबर जाऊन पाहिलं. तिची मावशी स्तनाच्या कर्करोगाने गेली होती, म्हणून हिने तपासणी केली. अहवाल आला. बीआरसीए२ जनुकात (ज्यातल्या काही बदलांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) एक बदल आहे, अर्थ अनिश्चित. समुपदेशक बाईंनी त्या ओळीखाली पेनाचं टोक ठेवून हळूहळू समजावलं. हा बदल घातक आहे असा पुरावा नाही, निरुपद्रवी आहे असाही नाही. मैत्रीण म्हणाली, "अहो, म्हणजे आहे की नाही?" बाई असल्या प्रश्नाला सरावलेल्या होत्या. त्यांनी सांगितलं की एके काळी अशा बऱ्याच बदलांवर "रोगकारक" शिक्का बसायचा. मग २०१६ मध्ये ६०,७०६ लोकांची जनुकं एकत्र तपासली गेली, तेव्हा दिसलं की नोंदींप्रमाणे रोगकारक म्हणवणारे असे सरासरी चोपन्न बदल प्रत्येकाकडे आहेत. इतके आजार कुणालाच नव्हते. शिक्केच चुकीचे होते. तेव्हापासून हात आखडता घेतला जातो. हा अहवालही पुढेमागे बदलेल, आणि असे बदल बहुधा निरुपद्रवीच ठरतात. "तोवर या ओळीवरून शस्त्रक्रियेचा वगैरे निर्णय घ्यायचा नाही. घरातला इतिहास पाहून नेहमीच्या तपासण्या करत राहायच्या."

असं म्हणून त्यांनी अहवाल पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने आकृती काढायला लागल्या. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. आजारी माणूस आतून भरलेला, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. माराकाइबोच्या काठावर वेक्सलर आणि मंडळींनी भिंती भरून जे काढलं तेच. "आजी कशाने गेल्या?" मैत्रिणीला माहीत नव्हतं, पोटात गाठ होती म्हणायचे. "कितव्या वर्षी?" तेही नाही. आईला फोन लावला, तिलाही नक्की सांगता येईना. गोलांमध्ये प्रश्नचिन्हं वाढत गेली. मग बाईंनी सांगितलं की मावशीच्या मुलीला, जिला आता तोच आजार झाला आहे, तिच्या रक्तात हा बदल आहे का ते कळलं तर बरंच उलगडेल. आजाराबरोबर हा बदल घरात फिरतो की नुसताच शेजारी बसून आहे, हे तिच्या नमुन्यावरून दिसायला मदत होईल. मैत्रीण गप्प झाली. वाटणीवरून दोन्ही घरांचं बोलणं कधीचं बंद आहे. बाहेर आल्यावर तिने मोबाइल काढला, मावसबहिणीचं नाव शोधलं आणि मला विचारलं, "सुरुवात काय करू गं? आधी तब्येत विचारू, की सरळ रक्तच मागू?"